बल्ब गेलाय? एलईडी टाक ना यार!

शीर्षकातलं वाक्य गेल्या चार-पाच वर्षांत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते कानावर पडलं की तिडीक मस्तकात जाते. म्हणणारा माणूस वाईट नसतो हो. बहुतेक वेळा तो तुमच्या-माझ्यासारखाच असतो. आयटीत नोकरी, अंधेरी नाहीतर मुलुंडला फ्लॅट, आठवडाभर मीटिंगा, आणि हल्लीच जुन्या ऑडिओचा किडा चावलेला. कुठूनतरी, म्हणजे बंद पडलेल्या डबिंग स्टुडिओतून किंवा चोरबाजारातून, एखादं स्पूलचं टेप मशीन, कॉम्प्रेसर नाहीतर मिक्सर घरी आणतो. चालू करतो. आवाज येतो, पण मीटरमागचा दिवा लागत नाही. मग मित्राला फोन, मित्राचं ते ठरलेलं वाक्य, आणि पुढच्या रविवारी फोटो येतो: पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्राचा सायीच्या रंगाचा मीटर आता मोबाईलच्या दुकानाच्या पाटीसारखा निळा झळकतोय. खाली लिहिलेलं, 'फुल्ली रिस्टोर्ड'. टाळ्या.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या व्यावसायिक ऑडिओ यंत्रातला जळलेला दिवा नेमकं काय काम करत होता हे न बघता तिथे एलईडी बसवणं ही दुरुस्ती नव्हे, मोडतोड आहे. आणि तिला रिस्टोरेशन म्हणून वर पैसे घेणं ही फसवणूक आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बल्बवर एवढा मोठा लेख? शनिवारी दुसरं काही काम नाही का तुला? नाही. :-)

आधी हा माल आपल्याकडे येतो कुठून ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की हे सगळं परदेशातल्या हौशी म्हाताऱ्यांचं प्रकरण आहे. आपली उपनगरं ही ध्वनिमुद्रणाची जुनी पेठ आहे. मालाडला बॉम्बे टॉकीज १९३४ साली उभी राहिली, गोरेगावला फिल्मिस्तान १९४३ साली, फिल्मसिटी १९७७ साली. त्यांच्या आजूबाजूला अंधेरी-जोगेश्वरी पट्ट्यात डबिंगच्या आणि रेकॉर्डिंगच्या खोल्या निघाल्या. पुढे संगणक आले आणि ती अवजड यंत्रं आधी कोपऱ्यात, मग पोटमाळ्यावर, मग भंगारवाल्याच्या टेम्पोत गेली. त्यातली जी वाचली ती आता पुन्हा बाजारात येतायत, आणि आज त्यांना बऱ्यापैकी भाव आहे. त्यामुळे 'जुना डबा' म्हणून कुणी काहीही करावं असे दिवस राहिलेले नाहीत. शिवाय घरोघरी, मंडळांत, संगीत वर्गांत पाव इंची टेपांचे डबे अजून पडून आहेत, आणि त्या वाजवायला याच यंत्रांची गरज आहे. हा मुद्दा डोक्यात ठेवा, त्यावर येतोच.

तर, दिवा.

आपण सॉफ्टवेअरवाले दिव्याकडे स्टेटस फ्लॅग म्हणून बघतो. चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. एलईडी खरोखरच तसा असतो. तारेचा, म्हणजे टंगस्टनच्या फिलामेंटचा बल्ब तसा नाही. तो थंड असताना त्याचा रोध गरम असतानाच्या साधारण एक दशांश असतो. वीज वाढली की तो तापतो, तापला की रोध वाढतो, रोध वाढला की तो वीज अडवतो. म्हणजे तो आपणहून स्वतःला आवरणारा भाग आहे. जुन्या इंजिनियर लोकांना हा गुण नीट माहीत होता आणि त्यांनी तो वापरून घेतला. तुम्हाला जो दिवा दिसतो तो त्यांच्या लेखी कित्येकदा दिवा नव्हताच.

पटत नाही? जवळच्या कुठल्याही रिपेअरवाल्याच्या टेबलावर बघा. तिथे एक लाकडी पाट असतो, त्यावर एक होल्डर, एक सॉकेट, आणि होल्डरमध्ये साठचा किंवा शंभरचा बल्ब. हा 'सिरीज बोर्ड'. दुरुस्त केलेला अँप्लिफायर पहिल्यांदा चालू करताना थेट मेन्सवर नाही लावत, या बल्बमधून लावतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि सगळी वीज स्वतःच्या अंगावर घेतो, अँप्लिफायर वाचतो. शॉर्ट नसेल तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. पन्नास-शंभर रुपयांत संरक्षण आणि मोजमाप दोन्ही. आता त्या होल्डरमध्ये नऊ वॉटचा एलईडी बल्ब लावून बघा. काही कळणार नाही, कारण त्याच्या पोटात स्वतःचंच ड्रायव्हर सर्किट बसलंय. घराघरांतून तारेचे बल्ब गेले त्याचं मला दुःख नाही, वीजबिल माझंही कमी झालं. पण रिपेअरवाल्याला शंभरचा बल्ब शोधत चार दुकानं फिरावं लागतं, हेही खरं आहे.

दुसरं उदाहरण गणपतीतलं. मिरवणुकीतल्या साऊंडवाल्याच्या काही स्पीकरांत जाळीमागे, हॉर्नच्या आसपास, आवाज चढला की पिवळा उजेड चमकलेला तुम्ही पाहिला असेल. पोरं म्हणतात, 'बघ, आतून लाईट इफेक्ट!' तो इफेक्ट नाही. क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरच्या सिरीजमध्ये मुद्दाम लावलेला गाडीच्या बल्बसारखा बल्ब आहे तो. आवाज मर्यादेत असेपर्यंत तो थंड, जवळजवळ नसल्यासारखा. कुणी फेडर वर ढकलला की तो तापतो आणि जास्तीची ताकद ट्वीटरऐवजी उजेडात घालवतो. बल्ब जळला म्हणून तिथे वायरचा तुकडा टाकणारे महाभाग आहेत. विसर्जनापर्यंत ट्वीटर टिकला तर नशीब.

तिसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या पूज्य दैवताचं आहे: गॅरेजमधून निघालेली कंपनी! ह्युलेट-पॅकार्डचं पहिलं उत्पादन म्हणजे १९३९ सालचं २००-ए नावाचं ऑडिओ ऑसिलेटर. बिल ह्युलेट यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रबंधातून आलेलं. त्याची सगळी गंमत एका छोट्या दिव्यात होती. ऑसिलेटरचा आवाज वाढायला लागला की फीडबॅकमधला दिवा तापे, रोध वाढे आणि आवाज परत जागेवर येई. त्यामुळे स्वच्छ साइन वेव्ह देणारं यंत्र ५४ डॉलर ४० सेंटला विकता आलं, जेव्हा स्पर्धकांची यंत्रं याच्या कितीतरी पट महाग होती. डिस्नेने 'फँटेशिया'च्या कामासाठी सुधारित २००-बी मॉडेलची आठ यंत्रं घेतली. तो दिवा धड उजेडही देत नाही, तारेचा रंग जेमतेम बदलतो. आता कल्पना करा, असं एखादं यंत्र एखाद्या उत्साही प्राण्याच्या हाती आलं आणि त्याने 'अरे, आतला एक बल्ब लागत नाहीये' म्हणून तो काढून एलईडी ठोकला...

बरं, हे सगळं आतलं झालं. चेहऱ्यावरच्या दिव्यांचं काय? तिथेही हीच गत. रिव्हॉक्सचं ए-७७ घ्या, १९६७ सालचं, हौशी लोकांचं लाडकं टेप मशीन. त्यात हेडच्या जवळ एक छोटा बल्ब असतो आणि समोर प्रकाशाला प्रतिसाद देणारा एक रोधक. मधून टेप जाते तोपर्यंत उजेड अडतो. टेप संपली की उजेड पलीकडे पडतो आणि मोटरा थांबतात. बल्ब गेला की यंत्राला वाटतं, टेप अजून आहेच. मग स्पूल भरभर फिरत राहतो आणि टेपचं शेपूट फटाफट आपटत राहतं. लोक म्हणतात, 'यांत्रिक दोष आहे, ब्रेक गेलेत.' आणि ब्रेक उघडून बसतात! दोष काय, तर बल्ब.

आता मीटर. इथे मला खरोखर राग येतो, कारण निळ्या एलईडीचं पाप मुख्यतः इथेच घडतं. व्हीयू मीटर हे काही सजावटीचं घड्याळ नाही. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून १९३९ च्या सुमारास ते ठरवलं, कारण प्रत्येक रेडिओ केंद्राचा काटा वेगळं बोलत होता. काट्याने ३०० मिलिसेकंदांत आपल्या जागी पोचायचं, फार पुढे उसळायचं नाही, हे सगळं त्यात ठरलेलं. आणि पट्टीचा रंगसुद्धा ठरलेला! पांढरा नको, सायीसारखा पिवळट हवा, कारण माणसाने त्याकडे आठ-आठ तास बघायचंय आणि डोळे शिणता कामा नयेत. काळा काटा, काळे आकडे, शून्याच्या पुढे लाल पट्टा. ही रंगसंगती तारेच्या बल्बच्या पिवळसर उजेडात वाचायची. निळ्या उजेडात तो पिवळट कागद आजारी दिसतो आणि लाल पट्टा काळा पडतो. म्हणजे जिथे 'सांभाळ' असं ओरडायचं तीच जागा मुकी झाली. यूजर इंटरफेसवर तासभर प्रवचन देणारे माझे मित्र हे खुशाल करतात आणि वर विचारतात, 'मस्त दिसतंय ना?'

(निळा एलईडी हा विज्ञानातला मोठा पराक्रम आहे, २०१४ चं नोबेल त्याला मिळालं, ते अगदी योग्यच. पण पराक्रम झाला म्हणून तो प्रत्येक भोकात घालायलाच हवा असं नोबेल समितीने म्हटलेलं नाही.)

टोप्यांचंही तेच. जुन्या बटणांवर लाल, हिरव्या, पिवळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. तारेच्या बल्बच्या उजेडात लाल भरपूर असतो, म्हणून लाल टोपी झगझगीत लाल दिसते. पांढऱ्या एलईडीच्या, त्यातही थंड पांढऱ्याच्या उजेडात गडद लाल कमीच असतो. मग लाल टोपी मळकट गुलाबी दिसते. लालमागे लाल एलईडी, हिरव्यामागे हिरवा, हे इतकं सोपं आहे. पण शंभर नगांचं पाकीट पांढऱ्याचं स्वस्त पडतं ना!

आता मघाशी म्हटलेला टेपांचा मुद्दा. माझ्या एका सहकाऱ्याच्या आजोबांच्या कीर्तनाची एक टेप होती, सत्तरच्या दशकातली, पाव इंची. एकच प्रत. ती डिजिटाइज करायला त्याने उपनगरातल्या एका छोट्या स्टुडिओत दिली. स्टुडिओचं नाव घेत नाही, आणि घेऊन उपयोगही नाही, कारण असे पुष्कळ आहेत. तिथलं टेप मशीन नुकतंच 'रिस्टोर' केलेलं. सगळ्या बटणांत नवेकोरे एलईडी. त्यात ट्रॅकच्या 'रेकॉर्ड रेडी' बटणाचा एलईडी कायम मंद पेटलेला. ऑपरेटर म्हणाला, तो तसाच असतो, लक्ष देऊ नका.

तो तसाच का असतो? कारण मूळ सर्किटमध्ये बल्बला बंद असतानाही थोडी वीज देणारा एक रेझिस्टर होता. थंड तारेवर अचानक पूर्ण वीज आली की दहापट झटका बसतो आणि बल्ब नेमका चालू करतानाच जातो. म्हणून तार कोमट ठेवायची, बल्ब जास्त टिकतो. त्या थोड्या विजेत तारेचा बल्ब अजिबात दिसण्याइतका पेटत नाही. एलईडीला मात्र दोन-चार मिलिअँपिअर पुष्कळ झाले, तो लागतो. तेव्हा बटण 'सेफ' असतानाही दिवा मंद लाल आणि 'रेडी' असताना जरा जास्त लाल. भर दुपारी खिडकीतून ऊन आत आल्यावर फरक कोण सांगणार? आदल्या दिवशी कुणीतरी तो ट्रॅक रेडी करून ठेवला होता. त्या दिवशी प्लेच्या शेजारचं बटणही बोटाखाली आलं. कॅसेटला निदान मागची टिकली मोडून ठेवता यायची, स्पूलला तसली काही सोय नाही. अकरा सेकंद कोरी झाली. पूर्वरंग संपून अभंगाचा चरण सुरू होतो नेमकी तिथली.

सहकाऱ्याच्या आईने ती फाईल घरी ऐकली तेव्हा तिला वाटलं, लॅपटॉपचा आवाज गेला.

यावर स्टुडिओचं म्हणणं: माणसाची चूक. अहो, माणसाची चूक होणारच म्हणून तर तिथे दिवा ठेवलाय! आपल्या धंद्यात मॉनिटरिंगचा अलार्म दिवसभर वाजत राहिला तर टीम काय करते? म्यूट करते. खोटं बोलणारा दिवा हा बंद दिव्यापेक्षा वाईट. बंद दिवा असता तर तो ऑपरेटर बटणाची जागा निदान चाचपून बघता. आणि उपाय किती कठीण होता? एलईडीला समांतर एक छोटा रेझिस्टर, किंवा तो कोमट ठेवणारा रेझिस्टर काढून टाकणं. पण त्यासाठी सर्किट बघायला हवं. या यंत्रांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट छापलेलं असतं, प्रत्येक दिव्याचा व्होल्ट आणि मिलिअँपिअर लिहिलेला असतो. आपल्या धंद्यात असं डॉक्युमेंटेशन मिळालं तर आपण पेढे वाटू. पण उघडतो कोण?

मुलुंडला एक काका आहेत, स्टुडिओच्या यंत्रांच्या देखभालीत हयात घालवलेले. त्यांना मी हा किस्सा सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "अरे, बल्ब बदलणारा माणूस आधी बल्ब का गेला ते विचारतो. तुम्ही लोक तो गेला एवढंच बघता."

बल्ब का गेला? हा प्रश्न मीही कधी विचारला नव्हता. उत्तर मजेशीर आहे. युरोपातली बरीचशी जुनी यंत्रं २२० व्होल्टसाठी बनलेली, मागे व्होल्टेज निवडायचा खटका असतो आणि तो जन्मापासून २२० वर. आपल्याकडे सॉकेटवर मीटर लावलात तर रात्री २४० दिसणं काही नवल नाही. म्हणजे नऊ टक्के जास्त. आता बल्बचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताने बदलतं. हो, बाराव्या! नऊ टक्के जास्त व्होल्टेजवर आयुष्य उरतं जेमतेम एक तृतीयांश. उलट दहा टक्के कमी दिलंत तर आयुष्य साडेतीनपट होतं आणि उजेड मात्र तीस टक्केच घटतो, जो मीटरमागे कुणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा काकांचा पहिला सल्ला म्हणजे मागचा खटका २४० वर करणं. खर्च शून्य. दुसरा, बल्बच्या सिरीजमध्ये एक छोटा रेझिस्टर किंवा मूळपेक्षा जरा जास्त व्होल्टचा बल्ब. म्हणजे २४ व्होल्टच्या जागी २८ चा. मग पुढची कित्येक वर्षं यंत्र उघडायची गरज नाही. आणि खटका चुकीचा असेल तर फक्त बल्बच नाही, आतला ट्रान्सफॉर्मर, रेग्युलेटर, कपॅसिटर सगळेच जास्त तापत असतात. बल्बने सगळ्यात आधी मरून तुम्हाला ते सांगितलं होतं. एलईडी लावलात की सांगणारा गेला.

एवढं वाचून कुणी म्हणेल, हा एलईडीद्वेष्टा दिसतोय. नाही हो. मोठ्या मिक्सिंग कन्सोलवर शंभर-सव्वाशे बटणं असतात. प्रत्येकात २८ व्होल्ट, ४० मिलिअँपिअरचा बल्ब म्हणजे सव्वा वॉटच्या आसपास. शंभर लागले की ११२ वॉटची शेगडी पॅनेलखाली. टोप्या वितळतात, आजूबाजूचे कपॅसिटर सुकतात, एसीचं बिल वेगळं. तिथे एलईडी लावा, डोळे झाकून नव्हे पण जरूर लावा. मीटरमध्येही पट्टीच्या अगदी जवळ बल्ब असेल तर उष्णतेने कागद करपतो, तिथे उबदार पांढरा एलईडी उत्तमच. फक्त हिशेब करा. २४ व्होल्ट डीसी, एलईडी घेणार तीन, उरले एकवीस, चौदा-पंधरा मिलिअँपिअर हवेत तर दीड किलोओहम, आणि तो पाव वॉटचा नको, अर्ध्या वॉटचा घ्या. यंत्रात दिव्यांना एसी असेल, जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत ६.३ व्होल्ट एसी असतोच, तर उलट दिशेचं व्होल्टेज एलईडीला मारतं. तिथे डायोड लावा. नुसता एक डायोड लावला तर सेकंदाला पन्नास वेळा लुकलुकतं, डोक्याला त्रास होतो, म्हणून ब्रिज लावा. आणि रेडीमेड 'बल्बच्या जागी सरळ बसणारा' स्वस्त एलईडी घेताना आत स्विचिंग सर्किट नाही ना ते बघा, नाहीतर मीटर झकास आणि स्पीकरमध्ये बारीक किणकिण. शंभर बल्ब एकदम काढलेत तर पॉवर सप्लायवरचा चार अँपिअरचा भार जातो. तो सप्लाय रेग्युलेटेड नसेल तर व्होल्टेज चढतं, तेही मोजा. बस, एवढंच. एका दुपारचं काम आहे.

हे नीट केलं तर किती सुंदर होतं याचं उदाहरण आपल्या सिनेमा थिएटरांतच होतं. फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपट्टीतून उजेड पाठवून आवाज वाचायचा, त्यासाठी प्रोजेक्टरमध्ये 'एक्सायटर लॅम्प' असे. त्याला शुद्ध डीसी द्यावा लागे, कारण एसी दिला तर उजेडच सेकंदाला शंभर वेळा हलणार आणि प्रेक्षकांना हीरोच्या संवादामागे 'हम्म्म' ऐकू येणार. या बल्बच्या उजेडात इन्फ्रारेड फार. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला पारदर्शक, म्हणून ध्वनिपट्टीपुरती चांदी राखायला लॅबमध्ये वेगळी रासायनिक प्रक्रिया करावी लागे. पुढे लाल एलईडी आले. लाल उजेड निळसर हिरव्या, म्हणजे सायन रंगाने अडतो. तेव्हा ध्वनिपट्टी नुसत्या सायन रंगात छापायची, चांदी नको, ती घाणेरडी रसायनं नकोत. पण त्यासाठी आधी थिएटरांतले वाचक बदलावे लागले, मग प्रिंट बदलल्या. मधल्या काळात दोन्हीकडे चालेल अशा पट्ट्या काढल्या. म्हणजे एक दिवा बदलायला अख्ख्या उद्योगाने दोन्ही टोकं जुळवून घेतली. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात ती ही.

दुसऱ्या बाजूचे अतिरेकीही आहेतच. 'तारेच्या बल्बमुळे आवाजाला ऊब येते', 'एलईडी लावला की बेस पातळ होतो' असं गंभीर चेहऱ्याने सांगणारे, आणि त्या नावाखाली साधा पॅनेल बल्ब 'ओरिजिनल जुना स्टॉक' म्हणून हजार-दीड हजाराला विकणारे. मीटरमागच्या बल्बचा आवाजाच्या वाटेशी संबंध नसतो. ऊब वाटते ती डोळ्यांना, आणि ती खरीच वाटते, पण तेवढ्यासाठी भौतिकशास्त्र वेठीला धरू नका. या लोकांनी निळ्या एलईडीवाल्यांचं काम सोपं केलंय. कारण ऐकणारा म्हणतो, 'एकीकडे अंधश्रद्धा आणि एकीकडे पाच रुपयांचा एलईडी', आणि पाच रुपये निवडतो. मधली वाट, म्हणजे मॅन्युअल उघडून दहा मिनिटं मोजणं, ती विकायला कुणी उभाच नाही.

उभा का नाही, तर त्या दहा मिनिटांचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. बल्ब चाळीस रुपयांचा, मग मजुरी पाचशे कशी, हे आपण विचारतो. आपण, ज्यांचं कन्सल्टिंगचं बिल तासावर निघतं! डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राईट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण दुरुस्तीचा हक्क मिळून दुरुस्तीची अक्कल असलेला माणूस कसा टिकणार? काकांकडे शिकायला आलेला शेवटचा मुलगा आता मोबाईलच्या स्क्रीन बदलतो. तिथे रांग असते.

तेव्हा मशीन दुरुस्तीला देताना मी हल्ली चार प्रश्न विचारतो आणि उत्तर 'बघू' असं आलं तर मशीन परत उचलतो, टॅक्सीचं भाडं गेलं तरी चालेल. हा दिवा काय दाखवतो? मूळचा किती व्होल्ट, किती मिलिअँपिअर? बंद असताना त्याच्यातून वीज जाते का? मागचा खटका कितीवर आहे? आणि एक अट: काय बदललं ते कागदाच्या पट्टीवर तारखेसकट लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायचं. काका हे आधीपासून करतात. त्यांच्या हातून गेलेल्या एका कॉम्प्रेसरचं झाकण मी उघडलं तर आत बारीक, सुरेख अक्षरात लिहिलं होतं: मीटर दिवे दोन, २४ ऐवजी २८ व्होल्ट, खटका २४० वर केला, डावीकडचा होल्डर सैल होता, डाग दिला.